कूलरवाल्याची पोरगी आणि बिनकूलरचं कॉलेज

अकोल्याच्या जुन्या शहरात नियाजचं कूलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची शेड, मागं घर, आणि मधल्या जागेत एवढे कूलर रचलेले की घरात जायचं तर पोट आत घेऊन जावं लागतं. अकोल्याचा उन्हाळा अकोल्याच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. चैत्र लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, पण नियाजच्या दारात मात्र तेव्हाच जत्रा. कोणाला पंप पाहिजे, कोणाला गवताच्या ताट्या बदलून पाहिजेत, कोणाच्या घरी लग्न आणि वरपक्ष रुसून बसलाय की आमच्या बाजूला हवा येत नाही.

नियाज सगळ्यांचं ऐकतो. अंगानं भरलेला, दाढीला मेंदी, आणि हसला की आधी पोट हलणार, मग आवाज येणार. ईदच्या नव्या कुर्त्याच्या खिशातसुद्धा त्याचा पेचकस असतो. नमाजहून आल्यावर गळाभेट घेणाऱ्या दोघातिघांना तो टोचल्याशिवाय त्याची ईद होत नाही. त्याची बायको हलीमाबी म्हणते, "ह्या माणसाशी लगीन झालं तवा मले वाटलं दुकानदार भेटला. पाहते तं कूलरशीच लगीन लावून आला होता, मी सवत!"

नियाजची एक सवय गावभर माहीत आहे. कूलर कोणाच्या खिडकीला बसवून दिला की तो लगेच निघत नाही. समोरच्या भिंतीची खिडकी उघडतो. लोक हमखास भांडतात. "अहो नियाजभाई, थंड हवा बाहीर जाईन ना!"

"जाऊ द्या ना. जुनी हवा गेली नाई तं नवी बसन कुठं? तुमच्या मांडीवर?"

हे ऐकत ऐकत त्याची पोरगी मोठी झाली. तिचं नाव कहकशाँ. लहानपणी बापाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून ती घरोघर जायची, आणि बाप कूलर उतरवतो तोवर धावत जाऊन समोरची खिडकी उघडायची. त्या घरच्या बायका म्हणायच्या, काय बाई आगाऊ पोट्टी आहे. आगाऊ होतीच. शाळेत सरांनी घराचं चित्र काढा म्हटलं की सगळी पोरं दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली घर काढायची. ही घर काढायची आणि सूर्याला घराच्या मागच्या बाजूला टाकायची. सरांनी विचारलं तर म्हणाली, "पुढून आला तं ऊन घरात शिरते सर."

हलीमाबीचं म्हणणं होतं पोरीनं बी.एड. करावं, शाळेत लागावं, दुपारी घरी यावं. पोरगी म्हणाली, मले घरं काढायची आहेत. म्हणजे आर्किटेक्ट व्हायचंय. नियाजला तो शब्द नीट बोलता येईपर्यंत तिचं शिक्षण संपलंही. आता ती अमरावतीला राजापेठेत रागिणीताईंच्या ऑफिसात कामाला आहे. ऑफिस वरच्या मजल्यावर, खाली शिकवणीचे वर्ग. संध्याकाळी वर्ग सुटला की जिन्यात पोरं, रस्त्यावर गाड्या, आणि आपली गाडी काढायची तर आधी दुसऱ्यांच्या हलवाव्या लागतात. तिथं बसून कहकशाँनं लोकांचे ओटे काढले, दुकानांची शटरं काढली, एका डॉक्टरच्या जिन्याखाली देवघर बसवून दिलं. पण स्वतःच्या डोक्यातून निघालेली एक अख्खी इमारत काही तिच्या हातून झाली नव्हती.

मग नांदगाव खंडेश्वरचं कॉलेज आलं.

तिथले खुशालराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. चांगली काळी जमीन, बोलणं फटकळ, मन मोठं. कॉलेज इतकी वर्षं भाड्याच्या पत्र्याच्या हॉलमध्ये चालत होतं. आता त्यांनी रस्त्याला लागून असलेलं आपलं एक शेत संस्थेला देऊन टाकलं आणि म्हणाले, इथं इमारत बांधा. रागिणीताईंनी ते काम कहकशाँच्या पुढ्यात ठेवलं. "हे तू कर. पाटीवर तुझं नाव वर राहील, माझं खाली. पण संस्थेला पटवायचं काम तुझं. नाही पटलं तर ते नागपूरच्या माणसाकडे जाणार आहेत, हे लक्षात ठेव."

कहकशाँनं आठवडाभर कागदाला हात लावला नाही. त्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊन पोरांबरोबर बसली. एप्रिलची दुपार, वर पत्रा, खाली पन्नास डोकी. पोरी ओढणी माठाच्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेत होत्या. मास्तर फळ्याकडं तोंड करून उभे, कारण वळले तर जांभई दिसेल. तिनं पोरींना विचारलं, "कूलर नाई?" तर एक म्हणाली, "आहे ना मॅडम. प्रिन्सिपल सरायच्या खोलीत."

रविवारी अकोल्याला आली आणि कूलरांच्या मधल्या जागेत फरशीवर नकाशा पसरून बसली. नियाज चहाची बशी घेऊन शेजारी बसला. त्या घरात उर्दू आणि वऱ्हाडी अशी कालवलेली असते की कोणतं वाक्य कुठं सुरू झालं ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"हे काय लांबोळकं काढलं? रेल्वेचा डबा हाये का?"

"कालेज आहे अब्बा. लांब बाजू उत्तरेले अन् दक्षिणेले. सगळ्या खिडक्या तिकडंच. पश्चिमेले फक्त ही चिंचोळी बाजू. संध्याकाळचं ऊन आलं तं तेवढ्याच भिंतीवर येईन."

"अन् ह्या डबल रेघा?"

"भिंत. विटा अशा उभ्या लावायच्या की मधी पोकळी राह्यते. बाहीरची भिंत तापली तरी आतली तापत नाई. वरती पांढऱ्या फुटक्या फरशीची गच्ची. भिंतीच्या वर, छताखाली, झरोके. गरम हवा वर जाते, तिथून निघून जाईन."

नियाजनं बशी खाली ठेवली. "मंग कूलर कुठं लावायचे?"

"नाई लावायचे."

"एकही नाई?"

"पंखे राहतीन. त्यायच्यासाठी गच्चीवर सोलर. बस."

आतून हलीमाबी ओरडली, "घ्या! शिकवा अजून पोरीले! बापाच्याच पोटावर पाय आणून राहिली!"

नियाजचं पोट हललं, मग आवाज आला. "येऊ दे. पोट मोठं हाये, तिचे दोन्ही पाय मावतीन." पण थोड्या वेळानं तो परत नकाशाकडं आला आणि त्या झरोक्यांवर बोट ठेवून बसला. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पोरगी आपलंच बोलणं कागदावर काढून बसली आहे हे त्याला दिसत होतं. आणि तीस उन्हाळे ज्या मालावर घर चाललं, तो माल त्या कागदात कुठंच नाही हेही दिसत होतं.

संस्थेच्या बैठकीत काही नकाशा सरळ पास झाला नाही. खुशालरावांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, आणि बोट ठेवलं ते नेमकं चिंचोळ्या पश्चिमेच्या बाजूवर. रस्ता त्याच बाजूला होता.

"हे काय आहे, पोरी?"

"जिना आहे भाऊसाहेब. बाजूले सामानाच्या खोल्या, अन् मंग संडास-बाथरूम. जिथं माणूस जास्त वेळ बसत नाई ते सगळं उन्हाच्या बाजूले टाकलं. ते ऊन खातीन, वर्गाले खाऊ देणार नाईत."

"म्हंजे यष्टीतून जाणाऱ्या लोकायले आमच्या कालेजचे संडास दिसतीन?"

बैठकीत असा हशा उठला की कहकशाँच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यातच खुशालरावांचा मुलगा विपुल उठला. विपुल पुण्याला चार वर्षं नोकरी करून आलेला, मनानं चांगला, पण पुण्याची जी इमारत पाहिली ती नांदगावात उभी करायची असं त्यानं घेतलं होतं. त्यानं मोबाईलवर चित्र दाखवलं. रस्त्याकडून अख्खी निळी काच, त्यात ढग दिसताहेत. सगळे मान पुढं काढून पाहू लागले. नत्थुजी म्हणून संस्थेचे एक जुने सभासद होते, धोतर-टोपीतले. ते म्हणाले, "काच तं भारी दिसून राहिली बाप्पा. लग्नाच्या हॉलसारखी."

कहकशाँ म्हणाली, "भाऊसाहेब, काचेमागं पोरं भाजून निघतीन."

विपुलनं ती गोष्ट तिथंच खोडली. "मॅडम, पुण्यात निघत नाहीत."

"पुण्याचं ऊन आणा मंग इकडं. मी काच लावून देते."

आता हशा तिच्या बाजूनं झाला. शेवटी खुशालरावांनीच तोड काढली. शेताच्या कोपऱ्यात चौकीदाराची खोली आणि पंपाची खोली तशीही बांधायची होती. एक विपुलच्या मनासारखी बांधा, पश्चिमेला काच लावून. दुसरी पोरीच्या मनासारखी. मे महिन्यात ऐन दुपारी सगळी कार्यकारिणी येऊन दोन्हीत बसेल. जी खोली बरी वाटेल, तसं कॉलेज. "अन् त्याच दिवशी ठरवून टाकू," ते म्हणाले. "माह्याच्यानं रोज रोज बैठका होत नाईत. चिवडा संपून राहिला."

दोन्ही खोल्या झाल्या. कहकशाँनं स्वतः उभं राहून विटा लावून घेतल्या. गवंडी पहिल्या दिवशी म्हणाला, "भिंतीत पोकळी ठिवली तं साप राहतीन मॅडम." तिनं सांगितलं, दोन्ही टोकं बंद करणार आहे, साप काय, मुंगीही जाणार नाही. एकदोन दिवसांत त्यालाच त्या भिंतीचं वेड लागलं आणि तो रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून दाखवू लागला.

परीक्षेचा दिवस ठरला. कहकशाँनं घरी फोन करून सांगितलं की अब्बा, दुवा करा, उद्या दुपारी सगळी मंडळी येणार आहेत. नियाजनं विचारलं, किती माणसं? कुठं बसतील? तिनं आपलं सांगितलं. पाहुणे, मे महिना, भर दुपार, उघडं शेत. आणि यजमान कोण, तर आपली पोरगी. वऱ्हाडातल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट भिनलेली असते. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गारवा द्यायचा, मग पाणी, मग नाव विचारायचं. नियाजच्या हातून तर गावाची अर्धी लग्नं गार झाली होती. स्वतःच्या पोरीच्या मोठ्या दिवशी पाहुणे घामेजलेले बसतील हे त्याच्या मनातच मावेना.

सकाळी त्यानं टेम्पोत आपले सगळ्यांत मोठे कूलर चढवले, नव्या ताट्या लावल्या, पाण्यात वाळ्याच्या मुळ्या टाकायला पिशवीभर घेतल्या, आणि मूर्तिजापूर, बडनेरा करत नांदगाव गाठलं. कहकशाँ अजून अमरावतीहून निघायची होती. शेतात विपुल एकटाच खुर्च्या मांडत होता.

"मी कहकशाँचा बाप," नियाज म्हणाला. "पाहुण्यायची सोय करायले आलो."

विपुलनं कूलरांकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. त्यात काही डाव नव्हता, त्यालाही खरंच उकडत होतं. "वा काका! एक मांडवात लावा. अन् एक काचेच्या खोलीत लावता का? आत मी आत्ताच जाऊन आलो. लय तापली आहे."

"तापली? मंग आधी तिथंच लावतो," असं म्हणून नियाजनं कूलर उचललाच. पोरीच्या खोलीतही लावावा म्हणून तो तिकडं वळला, पण आत गेला तर आत बरं होतं. 'इथं काय गरज,' असं मनाशी म्हणून तो बाहेर आला. आणि तिथंच त्याच्या अकलेनं त्याला दगा दिला, कारण पुढचा विचार त्यानं केलाच नाही. काचेच्या खोलीची मागची खिडकी मात्र त्यानं आठवणीनं उघडली.

रागिणीताईंबरोबर कहकशाँ पोचली तेव्हा कार्यकारिणी काचेच्या खोलीत बसलेली होती. वाळ्याचा वास सुटला होता. काचेतून रस्ता, शेतं, जाणारी यष्टी, सगळं सिनेमासारखं दिसत होतं, आणि मोठा कूलर असा वारा सोडत होता की नत्थुजींनी टोपी धरून ठेवली होती. दारात घाम पुसत, हसत, तिचा बाप उभा.

"पाह्य बेटा! कशी सोय केली! एकाले घाम नाई!"

कहकशाँनं त्याच्याकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं. ओरडली असती तर नियाजला सोपं गेलं असतं. ती जवळ येऊन हळू बोलली. "अब्बा, आज खोल्यायची परीक्षा होती. तुमी त्या काचेले कॉपी पुरवली."

नियाजचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"मी बंद..."

"राहू द्या. आता बंद करा म्हटलं तं मी पाहुण्यायले उन्हात बसवते असं होईन. मी बोलते त्यायच्याशी."

ती आत गेली. बोलली, चांगलं बोलली. सूर्य कसा फिरतो, काच ऊन आत घेते पण बाहेर कशी सोडत नाही, अशा कूलरांना वीज किती लागेल, पाणी किती लागेल, आणि मे महिन्यात नांदगावात पाणी कुठून आणणार, सगळं सांगितलं. लोक मान डोलवत होते. पण पोटात दही-साखर गेल्यावर आणि पाठीला वाळ्याचा वारा लागल्यावर कोणाची मान कशासाठी डोलते याचा भरवसा नाही. सगळे तिच्या खोलीतही जाऊन आले. म्हणाले, छान आहे, बरी आहे. आणि परत येऊन काचेत बसले.

"हे पाहा," खुशालराव म्हणाले, "पोरीची खोली बरी आहे, मी नाई म्हणत नाई. पण ही त्याच्याहून थंड आहे. उजेड आहे. रस्ता दिसते. अन् नियाजभाई, तुमचा हा कूलर म्हंजे मानलं बुवा! काश्मीर केलं नांदगावचं! मंग आता मंडळी, ठरवायचं का?"

नियाज दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. आयुष्यभर त्याच्या कूलरचं कौतुक झालं की त्याची छाती वर यायची. आज प्रत्येक शब्द त्याला पेचकसासारखा टोचत होता. आत कहकशाँ नकाशाची गुंडाळी करायला लागली होती. कडा जुळवत, हळूहळू, जशी एखादी बाई न विकलेली साडी परत घडी घालते तशी.

नियाज खोलीच्या मागं गेला. ज्या माणसाच्या कूलरनं भरल्या मांडवात कधी दम सोडला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं पिन उपसली.

आत वारा थांबला. पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, नुसतं सगळे एकमेकांना मोठ्यानं ऐकू यायला लागले. मग नत्थुजींनी टोपीवरचा हात काढला. "काऊन थांबला वो?"

नियाज दारात आला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा फार भराभर बोलला. "माफ करा भाऊ. पंपात कचरा अडकला. बिघडला पंप."

खुशालरावांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. अहो, वऱ्हाडात पाळण्यातलं पोरही जाणतं की कूलरचा पंप बिघडला तर पाणी थांबतं, पंखा फिरतच राहतो.

"नियाजभाई," ते म्हणाले, "पंप बिघडला. बरं. मंग पंखा काऊन मेला? त्याले का पंपाचं दुःख झालं?"

सगळे हसले. कहकशाँनं कपाळाला हात लावला. नियाजचं तोंड मेंदीच्या दाढीहून लाल झालं. पण मग तो आत आला आणि सरळ उभा राहिला.

"नाई भाऊ. पंप चांगला हाये. मीच बंद केला." कोणी काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, "पोरीनं तुमाले खोली पाहाले बोलावलं होतं, अन् मी बह्यताडासारखा कूलर घेऊन आलो. तुमी खोलीत बसलेच नाई, माह्या कूलरात बसले. तुमाले कालेजले कूलर लागतीन तं मी देतो. खोली खोलीले देतो. माहे दिवस बदलून जातीन. पण मंग काचेले थंड म्हणू नका. नियाजले थंड म्हणा. आता बंदच राहू द्या, चहा येईपर्यंत बसा. मंग काय ठरवायचं ते ठरवा."

विपुल म्हणाला, "पण काका, हे तं..."

"बस," खुशालराव म्हणाले. "चहा येईपर्यंत आपण बसू. कोण घाबरते?"

चहा मांडवामागं चुलीवर होता आणि त्याला घाई नव्हती. बाहेर ऊन रस्त्याच्या बाजूनं सरळ काचेवर आलं होतं. काही वेळ सगळे अध्यक्षांच्या मानासाठी हसतमुखानं बसले. मग खुर्च्या काचेपासून मागं सरकू लागल्या. एक सरकली, दुसरी सरकली, आणि सगळी कार्यकारिणी मागच्या भिंतीला अशी चिकटून बसली, जणू फोटो काढायला सांगितलंय. नत्थुजींनी टोपी काढून तिनं वारा घ्यायला सुरुवात केली. नत्थुजींचं टक्कल गावात आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"मी जरा," ते उठले, "त्या काकशाबाईच्या खोलीत जाऊन येतो. चष्मा राह्यला वाटते तिथं."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. पण त्यांच्यामागं दुसऱ्याची डायरी राहिली, तिसऱ्याला फोन करायचा होता. चहा आला तेव्हा तो आपसूक पलीकडच्या खोलीत गेला, कारण माणसं तिथं होती. तिथून बशांचा आणि गप्पांचा आवाज येऊ लागला.

काचेच्या खोलीत उरले फक्त खुशालराव आणि त्यांचा विपुल. दोघांचेही सदरे पाठीला चिकटलेले. आधी कोण उठतं एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात खुशालरावांच्या पत्नी लीलाबाई पोह्यांचं पातेलं घेऊन आल्या. पलीकडं सगळ्यांना वाढून झालं आणि दोन ताटल्या उरल्या, म्हणून शोधत इकडं आल्या. दारातच थबकल्या.

"माय वो! तुमी दोघं इथं काय करून राहिले?"

"बसलो आहो," खुशालराव म्हणाले.

"बसले कुठं, शिजून राहिले! अन् हीच काच कालेजले लावायची म्हणता?" लीलाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "अशीच काच आपल्या घराच्या हॉलले लावली तवा मी काई बोलली नाई. पोराची हौस आहे म्हटलं. आता ऐका मंग. हे वर्ष झालं, मी गच्चीवर पापड नेतच नाई. तुमी शेतात गेले की हॉलमधीच सोफ्यावर धोतर अंथरून वाळवते. संध्याकाळपर्यंत कडक होतात."

"माह्या सोफ्यावर?" खुशालराव ओरडले. "अन् धोतर कोणाचं?"

"तुमचंच. माह्याजवळ कुठं आहे!"

विपुल आधी हसला. बापाकडं बघून त्यानं हसू दाबायला पाहिलं, पण खुशालरावांनाच आतून असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं, किंवा तो घाम असेल. ते उठले, पोराचा दंड धरला. "चाल बावा. पापड व्हायच्या आत निघू इथून."

कहकशाँच्या खोलीत त्यांना खुर्ची उरली नव्हती. अध्यक्ष जमिनीवर बसले आणि भिंतीला पाठ लावली. वर झरोक्यातून उजेडाची एक पट्टी आत येत होती. मग भिंतीवर मागच्या मागं हात थोपटत म्हणाले, "थंड नाई ही. पण जीव घेत नाई."

"थंड नाईच भाऊसाहेब," कहकशाँ म्हणाली. "मी तसं म्हटलंच नव्हतं. पोरं जागी राहतीन एवढंच."

"मास्तरही राहतीन का?" नत्थुजींनी विचारलं.

नकाशा पास झाला. पण खुशालराव सगळंच सोडतील तर खुशालराव कसले. रस्त्यावरून दिसणारी बाजू देखणी झाली पाहिजे, हे त्यांनी धरून ठेवलं. मग कहकशाँनं तिथल्या तिथं चहाच्या बशीखालच्या कागदावर काढून दाखवलं. जिन्याच्या बाहेरून विटांची जाळी, खालपासून वरपर्यंत. ऊन अडेल, वारा येईल, आणि आतलं काय ते यष्टीतल्या माणसाला कळणार नाही. त्या जाळीची नक्षी कशी असावी, यात विपुलनं एवढा रस घेतला की शेवटी तीच गोष्ट त्याच्यावर सोपवली. तो कागद घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला तो दिवस कलेपर्यंत उठला नाही.

परतीला कहकशाँ अमरावतीला न जाता बापाच्या टेम्पोत बसली. मागं कूलर खडखडत होते. बडनेरा मागं पडलं. नियाज तिच्याकडं चोरून पाहत होता.

"गुस्सा हाये?"

"आहे. मले माह्या नकाशानं जिंकायचं होतं अब्बा. तुमच्या पिनेनं नाई."

"जिंकली तं खोलीच ना. मी फक्त मधातून हटलो."

"आधी मधात आले कायले?"

नियाजनं गिअर बदलला. "तू इत्तीशी होती तवा," तो म्हणाला, "लोकायच्या खिडक्या उघडाची. तवापासून मले वाटते, जिथं तू जाशीन तिथं सामान मी न्यायचं."

कहकशाँ खिडकीकडं तोंड करून बसली. मग तिकडूनच म्हणाली, "दोन घोळ केले तुमी आज. एक लावून, एक बंद करून. दुसरा चांगला झाला."

"अन् ते झरोके? मी पाहत होतो बसल्या बसल्या. जरा लहान नाई का वाटत?"

"नाईत."

"मोठ्या वर्गाले लहान पडतीन. पन्नास पोरं श्वास घेतीन तिथं."

तिनं नकाशा उलगडला. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघं झरोक्यावरून असे भांडले की मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न देऊन विचारलं, टेम्पो चालवून राहिले की पंचायत? शेवटी तिनं दात ओठ खात पेन्सिलीनं मोठ्या वर्गांचे झरोके थोडे वाढवले, आणि म्हणाली, हे तुमचं ऐकून नाही, मला आधीच वाटत होतं.

तेवढ्यात नियाजचा फोन वाजला. लीलाबाई होत्या. त्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि फोन मोठ्या आवाजावर लावला.

"नियाजभाई, त्या हॉलले तुमचे दोन मोठे कूलर पाह्यजेत आमाले. उद्याच पाठवा. आता यायले कळलं पापडाचं, सोफ्यावर वाळवू देत नाईत. मंग ती गरमी काय कामाची!"

नियाजचं पोट हललं. दिवसभरात पहिल्यांदा त्याची छाती जागेवर आली. "जी भाभी, उद्याच..."

कहकशाँनं फोन हातातून घेतला. "काकू, कूलर नका घेऊ अजून. मी रविवारी येते. काचेच्या बाहीरून बांबूच्या ताट्या लावू, वर मांडव टाकू, त्याच्यावर वेल चढवू. मंग पाहा. हॉल गार होऊन जाईन."

"अव्वो! जमन का तसं?"

"जमते ना काकू. पापड मात्र गच्चीवर न्या लागतीन."

फोन ठेवून तिनं बापाकडं पाहिलं. नियाज दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होता.

"घरचं गिऱ्हाईकही खाल्लं," तो म्हणाला. "या अल्लाह, ह्या पोरीले दुसऱ्या जिल्ह्यात कोणी नोकरी देईन का?" आणि टेम्पो सुरू करून, मागच्या कूलरांना ऐकू जाईल अशा आवाजात हसत, त्यानं अकोल्याची वाट धरली.